नांगरटीच्या दिवसांत जैसलमेर

१६ एप्रिल

कपाळाला टाके घालून राजकुमार चिखलीहून आला. शर्ट भिजत घातला. पाणी किती वेळा बदललं, लालच.

तोंडानं मी नवऱ्याचं नाव घेत नाही. कागदावर घेते. इथं अडवायला कोण बसलंय!

दगड मारला सख्ख्या भावानं. धुऱ्यावरून. दोन वावरांमधला हातभर रुंदीचा मातीचा बांध — त्याच्यावर गवत सोडून काही उगवत नाही, आणि दर उन्हाळ्यात त्याच्यावर कुणाचं तरी रक्त सांडतं.

आल्या आल्या त्यानं कुऱ्हाड मागितली. 'काढ वं छाया, आज त्याले उभाच चिरतो.' मी म्हटलं, मला काय माहीत कुठंय. खरं म्हणजे भांडण कानावर आलं तेव्हाच मी ती गव्हाच्या कोठीत खुपसली होती. तो घरभर शोधत फिरला, गाद्या उलट्यापालट्या केल्या, मी कोठीवर बसून मेथी निवडली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. 'दोघंबी माह्याच पोटचे,' एवढंच म्हणाल्या.

चूक भासऱ्याचीच आहे. तुळशीराम, राजकुमारचा थोरला भाऊ. वाटणी झाली तेव्हा धुरा सरळ होता. आता निंबाच्या झाडापाशी त्याला पोट आलंय, आणि ते पोट आमच्या बाजूला. दर उन्हाळ्यात भासरा ट्रॅक्टरपुढे उभा राहून हातवारे करतो — इकडून घे, अजून इकडून! स्वतःच्या वावरात धुऱ्याला लागून बोरीची एवढी मोठी जाळी माजलीय, ती तोडायचा आळस. जाळीला वळसा घालायचा आणि आमचं खायचं.

मोजणी आणा म्हटलं तर दोघंही म्हणतात, भावाभावात मोजणी आणायची लाज वाटते. डोकी फोडायची वाटत नाही.

१८ एप्रिल

पोळ्या लाटताना सुचलं.

एकदा पेरलं की धुऱ्यावरून कोणी भांडत नाही. पीक मध्ये उभं राहतं, ज्याचं त्याला दिसतं. डोकी फुटतात ती आखजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पेरणीपर्यंत, नांगरटीच्या दिवसांत. मग त्या दिवसांत हा माणूस गावातच नसला तर?

नुसतं 'चला कुठंतरी' म्हटलं तर हलणार नाही. सासरवाडीला यायचं तरी तोंड वाकडं होतं. काहीतरी मोठं पाहिजे. लांबचं. गाडी स्वतः चालवत जायचं असलं तर कदाचित. बोलेरोवर त्याचा जीव आहे, माझ्यापेक्षा जास्त.

लेकीची, डिंपलची बारावीची परीक्षा झालीय. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून असते. म्हटलं, घाल, पण जरा कामाचं बघ.

२० एप्रिल

जेवताना जैसलमेरचं काढलं. डिंपलनं मोबाइल ताटाशेजारी ठेवला.

'आता? मे महिन्यात? वाळवंटात?' राजकुमार हसला, टाके ओढले गेले म्हणून एक शिवी दिली, वर म्हणतो, 'इथं काय बर्फ पडून राह्यला काय?'

डिंपल म्हणाली, 'पप्पा, आधी डोंगर लागते ना. बऱ्हाणपूरच्या पुढं सातपुडा. मंग उदयपूरकडून अरवली. माउंट अबूले थंड राह्यते. वाळवंट सगळ्यात शेवटी.'

'अन् नांगरटी कोन करीन? तुह्या मायचा बाप?'

माझे वडील जाऊन वर्ष झालंय. हातातलं उलथनं फेकलं. भिंतीला लागलं, पोपडा निघाला. त्याला लागावं असंच वाटत होतं. या घरात हात उगारायचा मक्ता काय फक्त दोन भावांनी घेतलाय?

मग तो जेवला. जाताना म्हणाला, नांगरट गावातल्या कचरूचा ट्रॅक्टर करीन, तशीबी तोच करते.

२४ एप्रिल

काल डिंपलनं त्याला वाळूच्या टेकड्या दाखवल्या. चष्मा लावून बघत बसला. मग म्हणतो, 'या वाळूत धुरा कसा घालत असतीन बे?'

'नसते पप्पा. वारा सुटला की टेकडीच दुसरीकडं जाते.'

चष्मा काढून पुसला. मग — 'तं मंग भांडत कायच्यावरून असतीन?'

मला हसू आलं. या माणसाला खरंच वाटतं, भांडायला काहीतरी लागतंच.

आज खामगाव नाक्यावर ट्रकवाल्यांजवळ बसून इंदूरच्या अलीकडचा घाट कसा आहे ते विचारून आला. 'खाली उतरताना ब्रेक नाही दाबायचा वं, गिअरवर उतरायची गाडी.' मलाच शिकवतो! मी काय चालवणार आहे?

२५ एप्रिल

कुऱ्हाड अजून कोठीतच. त्यानं पुन्हा विचारली नाही.

३० एप्रिल

आखजी. सासऱ्यांच्या, शेषरावांच्या नावानं घागर भरली. वर खरबूज ठेवलं, पुरणाचा घास काढला.

बापाच्या घागरीला हात जोडायला भासरा आला. वर्षातून हा एकच दिवस दोघं भाऊ एका छताखाली येतात. मारत नाहीत, एकमेकांकडे बघतही नाहीत. मी पदर ओढून स्वयंपाकघराच्या दारात. सुनेनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्याला एक अक्षर बोललेली नाही, त्यानं मला नाही. पाणी द्यायचं तेही सासूबाईंच्या हातून.

निघताना उंबऱ्यावर थांबला. 'माय, आता सांगून टाक तिले,' म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, 'तू घरी जाय.'

मला कळलं काय सांगायचं ते. यंदा निंबावर नांगर घालणार! तेच बाईमाणसाच्या कानावर घालून जातोय. हातातला तांब्या त्याच्या तोंडावर मारावा असं वाटलं.

घागर भरतात ती नाव असलेल्या माणसांची. डिंपलच्या आधी मला मुलगा झाला होता. नाव ठेवायच्या आत गेला. एवढ्या जिवाला जाळत नाहीत, पुरतात. राजकुमार माझ्यापाशी दवाखान्यात होता, सासऱ्यांनी वावरात नेलं. सोबत कोण गेलं, कुठं ठेवलं — आईला सांगत नाहीत. सांगितलं की आई तिथंच जाऊन बसते म्हणे. वर दगड ठेवत नाहीत, दिवा लावत नाहीत. मी सासूबाईंचं डोकं खाऊन सोडलं. शेवटी एक दिवस त्यांनी धुऱ्यावरच्या निंबाकडे बोट केलं. 'त्या बुडाशी हाये. आता मले पुन्हा इचारू नको.'

नाही विचारलं. पण राजकुमारसाठी धुरा म्हणजे दोन तासांची, नांगराच्या दोन ओळींची जमीन. मला त्या जमिनीचं काही पडलेलं नाही. निंबाच्या बुडाशी फाळ लागला तर मी काय करेन, मला ठाऊक नाही. म्हणून मलाही लांब जायचंय. जिथून दिसणार नाही तिथं.

५ मे

सरपण आणायला वावरात गेले. निंबापाशी भासऱ्यानं चुन्याची रेघ मारलीय. बुंध्याला चिकटून! आणि त्याची बोरीची जाळी पलीकडे तशीच, पसरलेली, मस्तीत.

विळा हातात होता. विहिरीकडे गेले. त्याच्या वांग्यांच्या ठिबकच्या नळ्या कापल्या. एक ओळ, दुसरी, तिसरी. पाणी पायांवर उडत होतं. थांबावंसं वाटेना. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

घरी येऊन हात धुतले, वरण टाकलं.

६ मे

भासऱ्यानं स्टँडवर राजकुमारला गाठलं. नळ्या कापल्या म्हणून. लोकांसमोर आधी चपलेनं, मग लाथांनी. ओठ फाटला, खालचा दात गेला. चहावाल्यानं रिक्षात घालून आणलं. त्यानंच सांगितलं, यांनी एक हात उचलला नाही, डोकं तेवढं दोन्ही हातांत धरून बसले होते.

मी विचारलं, का मार खाल्ला? म्हणतो, 'डोकं फुटलं असतं तं गाडी कोन चालवीन? जैसलमेरले का तुह्या भासऱ्याले घिऊन जाशीन?'

मग तोंड धुता धुता, 'नळ्या तू कापल्या काय?'

'हो.'

'बरं,' म्हणाला.

मला त्याचा असा राग आला! त्याच्यापासून मी कुऱ्हाड लपवली. आता तो मार खाऊन येतो, आणि संध्याकाळी टायरमधली हवा तपासतो. मला हेच हवं होतं ना? मग माझ्याच हाताची मूठ का सुटत नाही?

१० मे

चक्कीवर जाऊबाई भेटल्या. जयमाला, भासऱ्याची बायको. पिठाच्या धुरळ्यात आम्ही दोघी शत्रूच्या बायका उभ्या. आधी बोलणार नव्हते.

'भाऊजीले घिऊन जाय लवकर,' त्याच हळूच म्हणाल्या. 'पेरनी होईतो येऊ नका. आमच्याइकडचं मी पाह्यते. रोज झोपताना मनात येते वं, उद्या कोन्त्या भावाले झाकून आनतीन.'

मी म्हटलं, तुमच्या माणसाला ती बोर तोडायला सांगा, सरळ नांगरा, भांडणच मिटेल.

'म्या का कमी वेळा सांगतलं? सरपनालेबी एक फांदी तोडू देत नाहीत. मांगच्या साली मी कोयता घिऊन गेली तं माह्या कानाखाली वाजवली. बोरीपाई!'

कंजूष मेला. बोरीवर बायकोपेक्षा जीव!

पण जाऊबाईंनी दळण माझ्या आधी घेऊ दिलं. एवढं तरी.

१४ मे

कुरडया, पापड, ठेचा, दशम्यांचं पीठ — सगळं बांधून ठेवलं. डिंपलनं रस्ता पक्का केला. मलकापूर, बऱ्हाणपूर, इंदूर, चित्तोड, उदयपूर, अबू, जोधपूर, जैसलमेर. नावं म्हणून बघितली मोठ्यानं. तोंडात काहीतरी गोड ठेवल्यासारखं वाटलं. मला उंटावर बसायचं नाही, किल्ले बघायचे नाहीत. घाटाच्या वळणावर गाडी थांबवायची आणि खाली काहीही ओळखीचं दिसत नाही असं बघायचं, बस्स.

डिंपल म्हणाली, 'आई, तुले फिराले जायचं हाये का पळाले?'

थोबाडीत मारली. वाजली चांगलीच. रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. त्या नजरेला घाबरून मी पुन्हा एकदा मारली.

रात्री तिच्या गालाला तेल लावलं.

१८ मे

राजकुमारनं गॉगल आणलाय. आरशापुढे उभा राहून तुटक्या दातासकट हसतो. लग्नातसुद्धा मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

आज माझ्या शेजारी येऊन बसला. 'मी काय म्हनतो, जाऊ दे तो धुरा. दोन तास गेले तं गेले. घाटावर गेल्यावर कोनाले आठवते? तुळश्याले घे म्हना, खाय म्हना माती.'

इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायला तरसले. आणि ऐकल्यावर अंगाची आग झाली. 'निंबाचं काय?' मी विचारलं.

'निंबाचं काय?'

त्याला खरंच काही आठवलं नाही. किंवा आठवलं आणि गिळलं. मी उठून गेले. भांडी घासली. एक पातेलं इतकं आपटलं की त्याला पोचा आला.

२० मे

उद्या उजाडता निघायचं. गाद्या कॅरिअरवर बांधल्या. सासूबाईंचं जेवणखाण जाऊबाई बघणार, भासऱ्याच्या नकळत.

राजकुमारनं टॉमी — चाक खोलायची लोखंडी कांब — माझ्या सीटखाली ठेवली. 'पंक्चर झालं तं हाताशी पाह्यजे.'

झोप नाही. आनंदानं असेल.

२१ मे

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

उजाडता उजाडता निघालो. देवीपुढे नारळ फोडला. डिंपल मागे, मी पुढे. आमचं वावर खामगाव रोडलाच लागून. राजकुमार मान समोर ठेवून चालवत होता. मीही ठरवलं होतं, बघायचं नाही.

आवाज आला म्हणून बघितलं. कचरूचा ट्रॅक्टर. पलटी नांगर निंबाच्या बुडाशी. काळी माती वर आलेली, मुळ्या तुटून पांढऱ्या. पुढे भासरा उभा — इकडून घे, अजून इकडून!

मी म्हटलं, गाडी थांबवा. राजकुमार म्हणाला, 'नको वं छाया. पाहू नको. आपन चाललो ना.' मी हँडब्रेक ओढला. डिंपल किंचाळली. गाडी रस्त्याच्या कडेला आडवी झाली आणि मी उतरले. टॉमी हातात कधी घेतली ते आठवत नाही.

पदर डोक्यावर नव्हता. मी त्याला तोंडावर म्हटलं, बंद कर! लग्नानंतरचं पहिलं बोलणं. तो माझ्याकडे बघतच राहिला. पळाला नाही, दगड उचलला नाही. दोन्ही हात पुढे करून म्हणाला, 'बाई, आइक. तसं नाही ते, आइक —'

मी मारलं. खांद्यावर बसलं. तो बोरीच्या जाळीकडे हात करून काहीतरी म्हणत होता. पुन्हा मारलं, डोक्यात. आवाज वेगळा आला. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. मी आणखी एकदा हात उचलला होता. राजकुमारनं मागून धरला. मी त्याला चावले.

कचरू ट्रॅक्टरवरून उतरलाच नाही. मान खाली घालून बसला.

बोलेरो तयार होतीच. भासऱ्याला मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं डिंपलच्या मांडीवर. जैसलमेरला अंगावर घ्यायची चादर त्याच्या डोक्याला बांधली. राजकुमारनं आधी बुलढाणा, तिथून अकोला गाठलं. टपावर आमच्या गाद्या तशाच. मी वावरात एकटी उभी राहिले, मग चालत घरी आले.

संध्याकाळी डिंपलचा फोन. डोक्यात रक्त साकळलंय, शुद्ध नाही. पोलीस आले होते. पप्पांनी स्वतःवर घेतलं, 'मी मारलं' म्हणाले. त्यांना घेऊन गेले.

मला पश्चात्ताप होत नाही. हे लिहून ठेवते. होत नाही.

२२ मे

वावरात गेले. निंबाखालची माती हातानं उकरली. काही नाही. इतक्या वर्षांत काय राहणार.

२४ मे

जाऊबाईंचा फोन आला. भासरे शुद्धीवर आले. डोळे उघडून पहिलं विचारलं, 'बोरीले फाळ तं नाही लागला?'

मी सासूबाईंना म्हटलं, बघा, मरणाच्या दारातही त्यांची बोर सुटत नाही.

त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, 'निंब मीनं तुले असाच दाखवला वं. तू आइकेच ना. तुह्य लेकरू बोरीखाली हाये. खड्डा तुळशीरामनं खनला, बोरबी त्यानंच लावली. वाटनीत ते वावर त्यानं मांगून घेतलं. आता बोर पसरली, मुळ्याले धक्का लागू नये म्हून टॅक्टर इकडून काढते. सांगून टाक म्हने तो मले. आईले सांगत नसतात म्हून मीच नाही सांगतलं.'

उद्या पहिल्या एसटीनं अकोल्याला जाते. आधी भासऱ्यांकडे, दवाखान्यात. मग पोलीस ठाण्यात, खरं सांगायला.